दोन मुख्याध्यापकांची शाळा

बाळांनो, परवा फोनवर तुमच्या बाबांनी सांगितलं, "आपण शाळेचा खटला जिंकलो." तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला किळस आली. काय जिंकलो ते तुम्हाला नीट कळावं, म्हणून लिहिते आहे.

चाकूरजवळच्या गावात माझ्या सासऱ्यांनी शाळा काढली. मी तिथे इंग्रजी शिकवायची. त्यांच्या काळी संस्थेच्या बैठकीत शिक्षक तोंडावर चुका दाखवत आणि सासरे ऐकून घेत. ते गेले. अध्यक्ष कोण, यावरून तुमचे आजोबा आणि माझे धाकटे दीर कोर्टात गेले ते कायमचेच. शाळेत दोन मुख्याध्यापक झाले, दोन शिक्के, दोन हजेरीपट. रोज सकाळी आम्ही दोन्हींवर सह्या करायचो. मीसुद्धा.

बैठकीत मग शिकवण्याचा विषयच निघेना. आपल्या बाजूनं ज्यानं खोटं शपथपत्र दिलं तो सभासद व्हायचा. आमचा कारकून कागद घेऊन लातूरच्या कोर्टात जायचा. तो सचिव झाला. त्याला विचारल्याशिवाय ह्यांना शाळेची वेळसुद्धा बदलता येईना.

एका वर्षी दहावीच्या मुलींचे परीक्षेचे फॉर्म परत आले. दोन मुख्याध्यापकांच्या सह्या चालणार नाहीत, एकाचीच हवी. चार दिवस उरले होते. मी ह्यांना म्हटलं, "आपल्या मुख्याध्यापकाची केली तर धाकटे अडवतील. त्यांच्या माणसाची राहू द्या."

कारकून मध्येच बोलला, "बाई, ती सही म्हंजी कबुलीच की. केस जाईल."

ह्यांनी फॉर्म बाजूला सारले. मुलींचं वर्ष गेलं असतं, आणि घरी बसलेल्या मुलीचं लग्न उरकायला गावात वेळ लागत नाही. मी फॉर्म उचलले आणि दिरांकडे गेले.

"वैनी, दादाला इचारलं का?"

"नाही."

"मंग उद्या म्हणाल, ह्यानंच फसवलं."

"नाही म्हणणार. तुमच्या माणसाला बोलवा."

"म्हंजी तुमी आमच्या पार्टीत आल्या की!" ते हसत सुटले. मुलींबद्दल एक शब्द विचारला नाही. पण सह्या झाल्या.

तुमचे आजोबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. कारकुनानं मला साक्षीदारांतून वगळलं, तेवढं बरं झालं.

आता दोघेही भाऊ हयात नाहीत. निकाल आजोबांच्या बाजूनं लागला, आणि त्या बाजूचा अध्यक्ष आज तोच कारकून आहे. प्रयोगशाळेत त्याच्या सिमेंटच्या गोण्या आहेत. तुमच्या बाबांना तिथे साधं सभासदत्वही नाही.

त्या मुली त्या वर्षी परीक्षेला बसल्या. दहावीचा वर्ग अजून भरतो.