बंद पडली की तुझी

माझ्या वडिलांना बंद पडलेली गाडी बघवत नाही. कुणाचीही असो. रस्त्यात बॉनेट उघडून उभा असलेला माणूस दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात, आणि मी नि आई पिशव्या सांभाळत फुटपाथवर ताटकळत बसतो. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी खोड म्हणते, आणि या खोडीनेच त्यांच्या हाती धुपाटणं आलं असं माझं स्पष्ट मत आहे.

गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर वायरींची भेंडोळी, टेबलावर सोल्डरिंगचे डाग, बाहेर सिमेंटचा उतार. उतार अशासाठी, की स्टार्टर गेलेली गाडी नुसती सोडून दिली तरी चालू व्हावी.

आजोबांची एक निळी पिकअप होती. वडील काम शिकले ते तिच्यावरच. पहिली वायर तिचीच जोडली आणि पहिला झटकाही तिथेच खाल्ला. आजोबा गेल्यावर ती मोठ्या काकांनी नेली. त्यांचा जुन्या फर्निचरचा धंदा, कपाटं-पलंग वाहायला गाडी हवीच. वडिलांनी आयुष्यात भावाकडे एकच गोष्ट मागितली, ती ही. काका हसून म्हणाले, "अरे, तुझ्याकडे नुसती उभी राहील. चालतेय तोवर माझ्याकडे चालू दे. ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी तुझी. शब्द दिला."

वडिलांना तो शब्द पुरला. आईने कपाळावर हात मारला.

आणि मग गंमत बघा, गाडी खरंच बंद पडायला लागली. भर दुपारी, इंजिन चांगलं तापलं की एकदम गप्प. सावलीत थोडा वेळ उभी केली, की आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुन्हा चालू. काकांचा फोन यायचा, "अरे, बंद पडली रे!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मग झाली की तुमची! घेऊन या घरी!" वडील हसायचे आणि हत्यारांची पेटी उचलायचे.

इतर मेकॅनिकांनी तिचा पेट्रोलचा पंप बदलला होता, कार्बुरेटर धुतला होता, कॉइलही नवी घातली होती. वडिलांनी ती रस्त्यात बंद असतानाच एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि काकांना स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. मग त्यांनी इग्निशन मॉड्यूलवर ओलं फडकं ठेवलं. मॉड्यूल म्हणजे इंजिनाला चिकटून बसवलेली काडेपेटीएवढी डबी. ठिणगी कधी टाकायची ते ती ठरवते. डबी गार झाली, गाडी चालू झाली. रोग सापडला.

"पण हे फडकं काही औषध नव्हे," वडील म्हणाले.

काका मात्र त्या फडक्यावरच गाडी हाकत राहिले. शेवटी एकदा गिऱ्हाईकाचं कपाट भर चौकात अडकलं, चारचौघांत शोभा झाली, आणि काका कातावले. गाडी ओढून आमच्या उतारावर आणून उभी केली. म्हणाले, "बघ काय होतंय. नाही झाली तर ठेवून घे. मला नको ही ब्याद."

मी आणि आई एकमेकींकडे बघतच राहिलो. एवढंच तर म्हणायचं होतं, की दादा, नाही होत.

"बाबा," मी म्हटलं, "सांगून टाका, जुन्या गाडीचं मॉड्यूल मिळत नाही."

"मिळतं की."

"अहो, मिळतं हे काकांना कुठे माहितीये?"

वडिलांनी डबी सोडवून काढली आणि तिच्याखाली बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. काळं, चिकट ग्रीस. तिथे उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट लागते; कुणीतरी चाकाचं ग्रीस थापलं होतं. "काय माणसं असतात!" ते म्हणाले. एवढे चिडलेले मी त्यांना भावाशी बोलतानाही पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं की गाडी आपल्या हातची गेली.

नवी डबी त्यांनी इंजिनापासून लांब, पुढे वारा लागेल अशा जागी बसवली. खाली ॲल्युमिनियमची जाड पट्टी कानशीने घासून सपाट केली, पांढरी पेस्ट पातळ पसरली, वायरी लांबवून वेगळी अर्थिंग दिली. मग भर उन्हात इंजिन चालू ठेवून समोर स्टूल टाकून बसले. आई जेवायला हाका मारून दमली.

"हात लाव," त्यांनी मला बोलावलं. पट्टी जेमतेम कोमट होती.

"हौस फिटली?" मी विचारलं. मला रडूच येत होतं.

"अगं, आपल्याच गाडीला बंद पाडून घेऊ? दादाला कळतं सगळं. तो देईल."

काका आले, एक चक्कर मारून खूश झाले, वडिलांच्या पाठीवर थाप मारून गेले. गाडीतूनच गेले.

पुढच्याच महिन्यात निळी पिकअप पुन्हा उतारावर आली. आतून एक अनोळखी माणूस उतरला. हॉर्न वाजत नाही म्हणाला. "नुकतीच घेतली. विकणाऱ्याने भर दुपारी चालवून दाखवली हो. जुनी आहे, पण तापून बंद पडत नाही."

वडिलांनी तिथेच उभं राहून फोन लावला. काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अरे, पण बंद कुठे पडली? पडली असती तर तुझीच होती की. चालू तर तूच केलीस!"

वडिलांनी फोन खिशात ठेवला, स्टिअरिंगखाली वाकले आणि हॉर्नची सुटलेली वायर शोधायला लागले. तो माणूस बॉनेट उघडून आत बघत होता.

"हे काम कुणी केलंय हो?" त्याने विचारलं. "मोठा हुशार माणूस दिसतोय."

"हुशार कसला," वडील आतून म्हणाले, "विकणाऱ्याचा धाकटा भाऊ आहे." आणि वायर जोडून हॉर्न वाजवून बघितला.