दाजींच्या गाडीतली शिट्टी

दाजींना स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. खुर्चीत टेकले तरी एक पाय हलत असायचा, आणि पाय थांबला की बोटं टेबलावर वाजायला लागायची. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उमर काढली. तिथं दिवसभर काचेवर काच आदळायची, पट्टे धावायचे, बुचं ठोकणारं मशीन धडधडायचं, आणि त्या गदारोळात नेमकं काय बिनसलंय ते दाजी लांबूनच सांगायचे. कंपनीने कानात घालायला दोरी लावलेले बोळे दिले होते. दाजींनी ते गळ्यात अडकवले आणि निवृत्त होईपर्यंत गळ्यातच ठेवले. बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

दाजी हे नाव त्यांना मेहुण्यामुळे चिकटलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं, आणि शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात तो पहिल्यापासून होता. त्यानेच यांना तिथं नेलं आणि ‘हे आमचे दाजी’ म्हणून ओळख करून दिली. मग क्लबाचा सेक्रेटरी असलेल्या दाताच्या डॉक्टरपासून वयाने थकलेल्या वकीलसाहेबांपर्यंत सगळ्यांचे ते दाजीच झाले. “म्हणजे अख्ख्या क्लबाची बहीण तुमच्या घरात दिलीय,” असं बायको म्हणायची. ती पुढच्या खोलीत कपडे शिवून द्यायची, आणि बोलताना तोंडातल्या टाचण्या काढायची नाही.

दाजींची गाडी फिकट हिरवी, पुढचे दिवे गोल आणि मोठे. गल्लीत तिला बेडकी म्हणत. कारखान्याच्या जुन्या मॅनेजरच्या शेडमध्ये ती गंजत पडली होती. दाजींनी ती ओढून आणली आणि सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत उभी केली. नोकरीत होते तोवर ती रविवारची गाडी होती. निवृत्त झाल्यावर रोजचीच झाली. सकाळी चहा पोटात गेला की दाजी गॅरेजमध्ये. प्लग काढून पूस, कार्बोरेटर खोलून फुंकर मार, टॅपेट थोडे सैल वाटतायत म्हणून आवळ, जास्त आवळले वाटतात म्हणून पुन्हा सैल कर. बायको जेवायला हाक मारायची तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, आणि गाडी काल होती तशीच.

अशातच ती शिट्टी सुरू झाली.

बारीक आवाज होता. डास कानाशी घोंघावतो त्याच्यापेक्षा बारीक, आणि न थांबणारा. एका सकाळी इंजिन चालू करून दाजी बॉनेटवर वाकले होते तेव्हा त्यांना तो पहिल्यांदा स्पष्ट जाणवला. बेअरिंग कोरडं पडलं की असा आवाज येतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक डायनमोवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. शिट्टी तिथंच होती. डायनमो उतरवला, खोलला, बेअरिंग बदललं, बसवला. शिट्टी होतीच. मग टोक वॉटर पंपावर टेकवलं. तिथंही तीच.

“पंप गेलाय,” त्यांनी जेवताना जाहीर केलं.

“काल डायनमो गेला होता,” बायको म्हणाली.

“काल मला पंपाचा आवाज नीट ऐकू आला नव्हता.”

“आणि मघाशी मी काय म्हणाले?”

“काय?”

“आमटी वाढू का विचारलं. दोनदा.”

दाजींनी ताट पुढे केलं. मन पंपातच होतं.

पंपाचं बेअरिंग मेहुण्याने स्वतः काढून दिलं, खोक्यातून, तेलकट कागदात गुंडाळलेलं. दाजींनी ते बसवलं आणि इंजिन चालू केलं. शिट्टी जागच्या जागी. त्यांचं डोकंच फिरलं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे, बॉनेट उघडायचे, बंद करायचे. अंथरुणात पडलं तरी तो आवाज पाठ सोडायचा नाही. एखादं गाणं तोंडात बसतं तसा हा कानात बसलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात क्लबाची बैठक होती. सगळे आपापल्या गाड्यांच्या आसपास घोळका करून उभे होते. मेहुण्याने सहज विचारलं, “काय दाजी, पंप शांत झाला का?”

दाजी भडकले. “नकली माल गळ्यात मारतोस आणि वर शांत झाला का विचारतोस? घरातल्या माणसाला फसवतोस, मग बाकीच्यांचं काय करत असशील?”

मेहुण्याचा चेहरा उतरला. तो सगळ्यांशी हसतखेळत असायचा, पण दुकानाच्या नावाला फार जपायचा. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, मानाचा माणूस. त्यांना उलट बोलायचं कसं? गाडीत बसला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने बहिणीकडे पाऊल टाकलं नाही. बायकोने दाजींना काही ऐकवलं नाही, पण शिलाई मशीन असं चालवायला लागली की सुया तुटायच्या.

दाजींची तगमग वाढत गेली. चूक झाली असं एक मन म्हणे, पण शिट्टी कानात होती ना, ती काय खोटी? ते पुन्हा गॅरेजमध्ये जात. फॅनबेल्ट बदलला. गिअरबॉक्सचं तेल बदललं. एकदा तर सगळी चाकं उतरवून पायरीशी ओळीने लावून ठेवली, आणि कापडं घ्यायला आलेल्या बायका त्यांना वळसा घालून आत येऊ लागल्या.

क्लबाचा वार्षिक मेळावा त्याच पटांगणात झाला. गाड्या कासवासारख्या पाठी चमकवत रांगेने उभ्या. त्यात एक स्पर्धा असायची: इंजिन चालू ठेवायचं, वरच्या झाकणावर नाणं कडेवर उभं करायचं, आणि ज्याचं नाणं सगळ्यात जास्त वेळ टिकेल तो जिंकला. इंजिन जरा जरी थरथरलं तरी नाणं आडवं. वकीलसाहेबांचं ठेवताक्षणी पडलं. डॉक्टरांचं जरा डुलून घरंगळलं आणि गवतात गेलं, ते शोधायला सगळे वाकले.

मग बेडकीची पाळी आली. दाजींनी नाणं उभं केलं आणि हात काढून घेतला. नाणं खिळ्यासारखं उभं राहिलं. लोक कौतुकाने बघत राहिले. लांब, आपल्या गाडीला टेकून, मेहुणाही बघत होता.

“कमाल आहे दाजी,” डॉक्टर म्हणाले. “लोण्यासारखं चाललंय.”

“पण शिट्टी ऐकताय ना?”

“कसली शिट्टी?”

“अहो, ही काय. कान द्या इकडे.”

डॉक्टरांनी वाकून कान दिला. मग वकीलसाहेबांनी दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “काही नाही हो,” डॉक्टर जरा चाचरत म्हणाले.

“थांबा, बंद करून दाखवतो. म्हणजे फरक कळेल.” दाजींनी आत हात घालून चावी फिरवली.

इंजिन थांबलं. पंखा फिरत फिरत मंदावला आणि उभा राहिला. नाणं पडेल म्हणून सगळे श्वास रोखून बघत होते, त्यामुळे पटांगणात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता झाली. आणि त्या शांततेत शिट्टी वाजत राहिली. आधीपेक्षा ठळक.

दाजींनी चावी बघितली. बंद होती. ते शेजारच्या गाडीपाशी गेले, तिचंही इंजिन बंद. ते चालत सुटले. पटांगण ओलांडून पार कुंपणाच्या भिंतीपर्यंत, पाण्याच्या टाकीपाशी. शिट्टी बरोबर आली. त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. बाहेरचं जग गेलं आणि शिट्टी तेवढी उरली.

मेळाव्याला बरोबर आलेली बायको मागोमाग आली होती. हातात त्यांची टोपी होती, वाटेत कुठंतरी पडलेली.

“माझ्या कानात आहे,” दाजी म्हणाले.

“मला वाटलंच होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले. तुम्हाला ऐकू नाही गेलं. आणि ज्या दिवशी ऐकू गेलं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझ्या कानांना नावं ठेवू नकोस.”

दाजींना ते आठवत होतं. ते टाकीच्या कठड्यावर बसले आणि लगेच उठले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, की इतकी वर्षं बाटल्यांच्या आवाजात काढल्याने कानाच्या आतली नस दुखावलीय. ती बरी होत नाही. शांत जागी शिट्टी जास्त वाजेल. हळूहळू मनाला सवय होते.

“ती नस बदलता नाही येत?” दाजींनी विचारलं.

“नाही.”

“साफसफाई वगैरे?”

“तुम्ही आता तिच्याशी खटपट करू नका, एवढंच करा,” बाई म्हणाल्या. दाजींना याहून अवघड काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मेहुण्याच्या दुकानात गेले. आधी दोन वेळा दारावरून तसेच पुढे गेले. शेवटी आत शिरले, आणि काउंटरवरच्या ग्रीसच्या डब्याकडे बघत म्हणाले, “बेअरिंग चांगलं होतं. आवाज माझ्या कानात होता. माझं चुकलं.”

मेहुणा फडक्याने हात पुसत राहिला. “ताईचा फोन आला होता. कळलं मला. कानाचं वाईट वाटलं.”

“मग झालं तर.”

“नाही दाजी, झालं नाही. बोललात पटांगणात, सगळ्यांच्या देखत. चुकलं म्हणताय ते इथं, मी एकटा असताना.”

दाजींना राग आला. ते तसेच वळले आणि घरी आले. चार-पाच दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. मेहुणा बरोबर बोलला होता, ते त्यांना दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. पण चारचौघांत उभं राहून आपला कान गेला असं सांगायचं? फिटरने? ज्या कानावर सगळं आयुष्य काढलं तो?

रविवारी ते गेले. घोळका जमल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं, “पंपाचा माल अस्सल होता. माझे कान खराब झालेत, त्यांच्यात शिट्टी वाजते. ह्या माणसाला मी नको ते बोललो. ते मी परत घेतो.”

मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. वकीलसाहेब पुढे आले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “माझ्या डाव्या कानात धबधबा आहे. सहा वर्षं झाली.” मेहुणा नुसतं “बरं” म्हणाला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. गळाभेट वगैरे काही झाली नाही. पण महिन्याभराने तो घरी आला, बहिणीकडून सदऱ्याची कॉलर उलटवून घ्यायला, आणि जेवून गेला.

क्लबाच्या पुढच्या सहलीला मेहुण्याची गाडी खोलून ठेवलेली होती म्हणून तो बेडकीत बसला. दाजींशेजारी तो, मागे बायको. तो रस्ताभर गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिला आणि दाजी रस्ताभर ते न ऐकल्यासारखं करत राहिले. आता न ऐकायला त्यांच्याकडे चांगलं कारणही होतं. चढ संपल्यावर माळावर सगळ्या गाड्या थांबल्या. माणसं झाडाखाली पसरली. वारा नव्हता, पाखरूही बोलत नव्हतं.

दाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरवर लाथ मारून पाहिली. रेडिएटरचं पाणी पाहिलं, ते आत्ताच पाहिलं होतं. आरसा पुसला. परत आले, सतरंजीवर बसले, उठले.

“दाजी, जरा टेका की,” मेहुणा म्हणाला. “केवढं शांत आहे इथं.”

“हो ना,” दाजी म्हणाले. “निघू या का?”

बायकोने चहाच्या थर्मासचं झाकण नुकतंच उघडलं होतं. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, झाकण परत फिरवून घट्ट केलं आणि भावाला म्हणाली, “ऊठ रे. चहा गाडीत पिऊ.”