काट्यांवर उभा केलेला जीव

त्या वर्षांत घाटंजीतल्या भिंती मीच रंगवत होतो. कापूस दरसाल मार खात होता, पण बियाण्याच्या जाहिराती काही कमी होत नव्हत्या. भिंतीवर नारळाएवढी बोंडं अन् वावरात नुसत्या पऱ्हाट्यांच्या काड्या! तेच काम पाहून कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरानं मले बोलावलं. तपासणी समिती येणार होती, म्हणून प्रयोगशाळेच्या भिंतीवर जुन्या समुद्रातले जीव पाहिजे होते.

नमुना म्हणून सरानं एक मळकं पुस्तक देलं. त्यात हॅलुसिजेनिया नावाचा जीव होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आता फक्त दगडात उरलेला. अळीसारखं आंग, खाली टोकदार काट्यांच्या जोड्या, पाठीवर लुळ्या नळ्यांची रांग. म्हणे त्या काट्यांवर चालत होता!

मी म्हटलं, "सर, असा हा चिखलात चालन कसा? रुतूनच बसन. उलटा तं नाही काढला?"

"तुला कशाला पंचायती? पेंटर आहेस ना? पुस्तकात आहे तसं काढ."

बाप्पा, काय तो रुबाब! वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या वह्या वाचून दाखवणारा भैताड. नवं पुस्तक उघडाचं म्हटलं तं हात दुखत असतीन लेकाचे. पण माही पोरगी त्याच्याच वर्गात, शेवटच्या वर्षाले होती, अन् प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्या हातात होते. मी तोंड शिवलं अन् काढला तसाच.

समिती आली तवा मी स्टुलावर चढून विभागाचं नाव पुरं करून राह्यलो होतो. समितीतल्या मॅडम चित्रापुढं थांबल्या अन् हसल्या.

"हा तर उलटा आहे. काटे पाठीवरचे, अन् या नळ्या म्हणजे त्याचे पाय. ही चूक सुधारून कितीतरी वर्षं झाली."

सरानं सरळ माह्याकडे बोट केलं. "पेंटरनं घोळ केला, मॅडम. अडाणी माणूस."

एवढं धडधडीत खोटं, अन् चेहऱ्यावर लाज म्हणून नाही! पुस्तक तिथंच टेबलावर पडलं होतं. पोरगी गुलाबाची फुलं घेऊन रांगेत उभी होती, माह्याकडेच पाहून राह्यली होती.

मी म्हटलं, "चुकलं, मॅडम. माहीच चूक."

मार्क चांगले पडले. निकाल घेऊन पोरगी घरी आली, पण पेढे आणू देले नाही तिनं.

"बाबा, चूक तुमची नव्हती. मंग कबूल काहून केली?"

"तुह्यासाठीच तं केली."

"मले विचारलं होतं?"

त्या सराले मी आजही शिव्या देतो. पोरगी त्याच्यावर कधीच चिडली नाही. ती माह्यावर चिडली.