लोटाभर चीक
काल शेजारणीने खरवसाचा डबा दिला आणि झाकण उघडताच नोएडातल्या एका जुन्या गावातलं आमचं तेव्हाचं भाड्याचं घर आठवलं. जमिनी विकून त्या गावाने चारमजली घरं बांधली होती, दारोदार मोठाल्या गाड्या होत्या. तरी आमच्या म्हाताऱ्या घरमालकांनी तळमजल्यावर म्हैस ठेवली होती. ती व्याली तेव्हा मी खरवसासाठी चीक मागितला. ‘पहले खेत के देवता को, फिर तुम्हें,’ म्हणत ते लोटा घेऊन निघाले, मीही सोबत गेले. शेतावर आता सोसायटी उभी होती. गेटवर गार्डने विचारलं, ‘बाबा, किस फ्लैट में जाना है?’ त्यांनी आतल्या पार्किंगकडे बोट दाखवलं, देवाचं ठाणं तिथेच होतं; मग ते वळले. घरी येऊन त्यांनी सगळा चीक मलाच दिला. देवाला न वाहिलेला चीक त्यांच्या घरात कुणी तोंडाला लावत नाही, हे मला कुठे माहीत? मी खूश होऊन वेलची घालून खरवस केला आणि वाटीभर त्यांनाही नेऊन दिला. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी वाटी तशीच भरलेली गोठ्याच्या कट्ट्यावर दिसली. आज मी त्याच सोसायटीत राहते. गेटवर मला कुणी काही विचारत नाही.