बाल्कनीतला फ्रेंच किल्ला

आमचे हे फ्रान्सहून परत आले ते एक किल्ला घेऊन. म्हणजे तोंडात. सामानात फक्त चीज होतं, आणि त्याला असा काही वास होता की मी ते दोनदा बाल्कनीत ठेवलं आणि दोनदा ह्यांनी आत आणलं.

कंपनीने ह्यांना ट्रेनिंगला पाठवलं होतं. मी आणि लेक इथेच दोहात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. निघताना हे म्हणाले होते, "बायकांना नेता येत नाही गं. कंपनीचा नियम आहे." मी मान डोलावली. त्या वयात मी मान फार सुरेख डोलवायचे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्या ह्यांच्या ट्रेनिंगला मी गेले होते की!" तर मी नाक वर करून सांगितलं, "तुमची कंपनी ढिली असेल. आमची कडक आहे." वर ह्यांच्या बॅगेत मेतकूट, लसणीची चटणी आणि दशम्या कोंबल्या आणि विमानतळावर पदराने डोळे पुसले. बिचारे, एकटे, नुसता पाव खाऊन राहणार! तेव्हाची ती मी आज मला भेटली तर कान धरून उभी करीन तिला.

तिथला एक सहकारी ह्यांना शनिवार-रविवार आपल्या गावी न्यायचा. गाव म्हणजे केवढं, तर मूठभर दगडी घरं आणि एक चर्च. दुकानसुद्धा नाही. पाववाला गाडी घेऊन येतो, चौकात हॉर्न वाजवतो, की सगळ्या म्हाताऱ्या टोपल्या घेऊन बाहेर. आणि गावाच्या डोक्यावर मध्ययुगातला किल्ला, त्याचा एक बुरूज शेताकडे कललेला. किल्ल्याची मालकीणही म्हातारीच. छप्पर गळतं म्हणून ती दोनच खोल्यांत राहते, दरबारात तिच्या कोंबड्या.

रोज संध्याकाळी चहा झाला की मी ह्यांना त्या गावात पाठवायचे. सांगायचे छान, हे कबूल करायलाच हवं. "पुढच्या रजेत तुला नेतो," असंही म्हणायचे. पुढची रजा रिवाजाप्रमाणे नाशिकला गेली. सासूबाईंचे गुडघे, चुलतभावाचं लग्न, सगळं झालं. मी म्हटलं, गाव कुठे पळून जातंय!

आज ते गाव नातीला फोनवर चुटकीसरशी सापडेल. म्हणून मी तिला गावाचं नाव सांगत नाही.

तर दिवाळी आली. दिवाळीत लेक दर वर्षी बाल्कनीत किल्ला करायची. त्या वर्षी मी म्हटलं, आपण बाबांच्या गावचा करू. आधी वाळवंटातली वाळू आणून पाहिली. ओली असेपर्यंत ठीक उभी राहते, वाळली की खलास. मग नर्सरीतून माती आणली, खोक्यांवर गोणपाट टाकून त्यावर थापली, अळीव पेरून शेतं उगवली. बुरूज मुद्दाम कलता केला. पाववाल्याची गाडी केली, दरबारात मातीच्या कोंबड्या बसवल्या. लेक म्हणाली, "पण महाराज कुठे बसणार?" महाराजांशिवाय दिवाळीचा किल्ला कसा? तेव्हा महाराज फ्रेंच दरबारात, कोंबड्यांच्या मधोमध. बिल्डिंगमधल्या बायका फराळाला आल्या की मी लाटणं हातात घेऊन गाव दाखवायचे, जशी काही माहेरची वाट. ह्यांच्यापेक्षा मला ते गाव जास्त पाठ होतं.

त्याच सुमारास तो फ्रेंच सहकारी बदलून दोहात आला, बायकोसकट. दिवाळी बघायची आहे म्हणून त्याने स्वतःच विचारलं. ह्यांना नाही म्हणता येईना. मला मात्र सकाळपासून सांगत होते, "तू आपली आत फराळाचं बघ. बोलायला मी आहे."

पण ती बाई चकली हातात घेऊन थेट बाल्कनीत आली. किल्ल्यापुढे उकिडवी बसली आणि ओरडली. नवऱ्याला तिच्या भाषेत हाका मारल्या. मग माझा हात धरून इंग्रजीत म्हणाली, सावकाश, मला कळावं म्हणून, "हे तर आमचं गाव! आणि ही बघ, ही तुझी खोली."

तटाला चिकटून मी केलेल्या एका घरावर तिने बोट ठेवलं होतं.

"माझी?"

"हो. मी पडदेसुद्धा धुतले होते. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या बायका आल्या, तूच नाही आलीस." मग अगदी मायेने, "विमानाची भीती अजून तेवढीच वाटते का गं?"

मला! दर वर्षी मांडीवर लेक आणि पायाशी प्रेशर कुकर घेऊन दोहा-मुंबई करणारी मी. हवेत खड्डा आला की शेजारच्या बाप्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचे.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पणतीची वात सरळ करत होते, जी सरळच होती.

"थोडी वाटते," मी म्हटलं. बघा म्हणजे! पायाखालची जमीन सरकली आणि ही निघाली नवऱ्याची अब्रू झाकायला. वर अनारशांचा आग्रहही केला.

पाहुणे गेले. मी ताटल्या उचलल्या नाहीत.

"अहो, कंपनीचा नियम होता ना?"

"अगं, तिथं सगळ्या बायका कशा... वाइन, काटे-चमचे, इंग्रजी. तुला अवघडल्यासारखं झालं असतं."

"मला की तुम्हाला?"

ह्यांनी करंजी तोंडात घातली. अडचणीत आले की हे काहीतरी खातात, अजूनही.

मला वाटलं होतं मी रडेन, भांडेन, निदान तो बुरूज तरी लाथेने पाडीन. तसलं काही झालं नाही. मला फक्त खोलीबद्दल विचारावंसं वाटलं.

"त्या खोलीत तुम्ही झोपायचात?"

"हो."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"नदी," हे म्हणाले.

नदी! इतक्या संध्याकाळी मी खोदून खोदून विचारलं होतं, घंटा कधी वाजते, म्हातारी काय शिजवते, कोंबड्या कुठल्या रंगाच्या. ह्यांनी नदीचं नाव कधी काढलं नव्हतं. हे माझ्याशी खोटं बोलले ते एकदाच, निघताना. पण नदी रोज लपवली होती, माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पीत.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिला एवढंच कळलं की किल्ल्यात काहीतरी राहून गेलंय. स्वयंपाकघरातून चांदीचा कागद घेऊन ती धावत आली आणि सवयीने माझ्यापुढे उभी राहिली.

"आई, रिव्हर कुठून जाते?"

"बाबांना विचार," मी म्हटलं. "तिथे ते राहून आलेत."