पऱ्हाटीवरची मोटार

परतवाडा-अमरावती उतारूंची मोटार चालवणारा गोवर्धन मनातल्या मनात सगळा युरोप जेवू घालायचा. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारीच्या पाठीला कोळसा जाळून गॅस करणारी उंच टाकी बसली, आणि बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्या मित्राने त्याच्या डोक्यात देश भरले. फ्रान्सात मोटार कोळसा खाते, स्वीडनात लाकडाच्या ढलप्या, इंग्लंडात टपावर गॅसची पिशवी घेऊन फिरते. पाहुणा ताटावर कसा बसतो त्यावरून घर ओळखावं, तसा गोवर्धन देश ओळखी. इंग्लंड त्याला जरा नाजूक पोटाचं वाटे.

रामनवमीच्या सकाळी वेचून झालेल्या कपाशीच्या रानांवर ऊन धुरकट पसरलं होतं. त्यात त्याला स्वीडनची उंच झाडं दिसू लागली, मधून बर्फाची वाट. त्या नादात आसेगावला कोळसा घ्यायचा राहिला, आणि पुढच्या चढावर मोटार सुस्कारा टाकून थांबली.

मागे पार्बताबाई माळीण मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. दुपारच्या रामजन्माआधी अमरावतीच्या राममंदिराशी पोचली तर टोपली रिकामी. नाही तर मोगरा गाईपुढे.

"काहून थांबलास, बापू?"

गोवर्धनने खरं सांगितलं. स्वीडनचंही सांगितलं.

"मंग लाकूड टाक ना. थे काय जाऊन राहिलं समोर?"

समोरून पऱ्हाट्यांनी लदलेली बैलगाडी जात होती. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांवर वऱ्हाडातली चूलन्‌चूल पेटते. गाडीवानाने हसत भारे उतरवले. गोवर्धनने एका दमात टाकी ठासली आणि पिवळ्या धुरात मोटार दिसेनाशी झाली.

"चुलीत असं कोंबतेत काय रे? सासूनं हाकललं असतं तुले."

मग उतारू मांडीवर पऱ्हाट्या मोडू लागले आणि पार्बताबाई सांगेल तेवढ्याच काड्या टाकीत पडू लागल्या. मोटार थोडं चाले, थांबे, खाई, पुन्हा चाले. बैलगाडी कधीच पुढे निघून गेली.

मंदिराशी पोचले तेव्हा पाळणा सजत होता. गजरे हातोहात गेले. एका बाईने फुलं हुंगून धुराचा वास कसा म्हणून विचारलं.

"धूप दाखवला त्याले," पार्बताबाई म्हणाली.

रिकामी टोपली काखेत मारून ती मोटारीपाशी आली. तिला एकच कळायचं राहिलं होतं.

"तिकडं मोटार थांबली, तं काड्या कोण मोडते?"

मित्राने हे काही सांगितलं नव्हतं. गोवर्धन स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसला. स्वीडनच्या बर्फात एक मोटार थांबली होती, आणि मागच्या बाकावरून कुणी म्हातारी तिथल्या गोवर्धनला झापत होती.