आपला चिनी

उजवा हात हवेत गोल फिरवत काकाजी माझ्या दुकानात शिरायचे. सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. बसायच्या आधीच विचारायचे, "आपल्या चिन्याचा पत्ता लागला का बाई?"

गोंदियाजवळ कुडव्यात माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दाखल्यांसाठी रांगेत माणसं ताटकळलेली आणि मधेच हे चिनी प्रकरण! काकाजी पूर्वी गोंदियातल्या एका टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. रद्दीतल्या एका हिंदी मासिकात त्यांनी शांघायच्या एका जुन्या दिग्दर्शकाबद्दल वाचलं होतं. आधी नाटकं लिहायचा, मग मूकपट काढू लागला. लढाईत त्याचे सगळे सिनेमे जळाले, एक तेवढा उरला. त्यात त्याची लहान मुलगी आहे. एवढीच माहिती, पण काकाजींचं कुतूहल त्यावर वर्षानुवर्षं पोसलं गेलं. "शूटिंगले पाऊस आला तं का करत असन तो?" असं ते रांगेतल्या कोणालाही विचारायचे.

काचबिंदूने त्यांची नजर चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर तो एक सिनेमा पाहायचा, हाच ध्यास. मग मीही इरेला पेटले, आणि एका दुपारी तो सिनेमा नेटवर सापडला की हो!

लावला. पडद्यावर माणसं तुरुतुरु पळू लागली. रांग खदखदून हसली, मीही हसले. काकाजी मात्र भडकले.

"बंद कर! कायले पळवून राहिली त्यायले?"

"काकाजी, जुने सिनेमे असेच असतात."

"नाई जी. तवा कॅमेरा हातानं फिरवत. तू ही मशीन जोरात फिरवून राहिली. हळू कर."

मी वेग कमी केला. "अजून." पडद्याला नाक लावून ते बसले होते, हात फिरत होता. त्या हाताशी सिनेमा जुळला तेव्हा म्हणाले, "आता कसे चालून राहिले माणसं."

खरंच चालत होती! दारातून एक चिमुरडी आली, थबकली, वळून सरळ आमच्याकडे बघू लागली.

"बापाकडे पाहून राहिली," काकाजी म्हणाले. "तो इथंच उभा आहे, कॅमेऱ्याजवळ." त्यांच्या गालांवर पाणी होतं. मघाशी हसल्याची मला फार लाज वाटली.

वर्षभरात नजर पार गेली. मग रोज दुपारी फोन यायचा, "लाव बाई." मूकपट, तोही फोनवर! तुम्ही रांगेत असता तर मला वेडीच म्हटलं असतं. पलीकडे त्यांचा हात फिरत असणार.

"आली का दारातून?"

"आली."

"वळली?"

"वळली, काकाजी."

"हां. ठेव मंग."

दिवाळीच्या आधी फोन आला तो त्यांच्या सुनेचा. काकाजी गेले होते.

दुपारी मी अजून तो सिनेमा लावते, त्याच संथ चालीने. रांग कुरकुरते, कुरकुरू दे. मुलगी दारातून येते, थबकते, आणि माझ्या तोंडून निघतंच, "वळली, काकाजी."